लिव्ह-इन करारनामा: घरासाठी घ्यावा, बाळासाठी त्यावर विसंबू नये

कोर्टाच्या आवारातल्या टेबलांवर, नोटरींच्या ऑफिसात आणि मसुदे करून देणाऱ्या वेबसाइटवर 'लिव्ह-इन करारनामा' आता सहज मिळतो. दोघांची आधार कार्डं द्या, फोटो द्या, सह्या करा, कागद हातात. सेवा म्हणून हा कागद आम्ही तपासला, आणि तपासताना एकच प्रश्न समोर ठेवला: लग्न न करता एकत्र राहणाऱ्या ज्या जोडप्याला मूल हवंय, किंवा जे 'बघू पुढे' म्हणतंय, त्यांच्या हा किती कामाचा? कुठल्या एका वकिलाचं किंवा वेबसाइटचं हे परीक्षण नाही. मसुदे इतके एकसारखे असतात की दुकान बदललं तरी माल तोच मिळतो.

निकाल आधीच सांगतो. भाडं, डिपॉझिट, फ्रीज आणि वॉशिंग मशीन यांच्यासाठी कागद चांगला आहे. मुलासाठी तो अपुरा आहे, आणि त्यातलं एक कलम तर जन्माला येणाऱ्या मुलाच्या मुळावर येणारं आहे. बहुतेक जोडपी ते न वाचता सही करतात.

काय मिळतं, कसं मिळतं

तीन ते पाच पानांचा मजकूर. वर दोघांची नावं, वय, पत्ता. मग 'उभयपक्षकार राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता' ही ठरलेली ओळ. पुढे खर्चाची वाटणी, वस्तूंची यादी, नोटीस किती दिवसांची, वाद झाला तर कुठल्या शहराचं कोर्ट. शेवटी दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, फोटो, नोटरीचा शिक्का. सोबत दोघं अविवाहित किंवा घटस्फोटित असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडतात. ते जोडाच. कारण दोघांपैकी एकाचं आधीचं लग्न कायद्याने संपलेलं नसेल, तर पुढचं सगळं गणित बदलतं.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून जिथे १०० रुपयांचा स्टँप चालायचा तिथे ५०० रुपये लागतात. कोणी 'जुना शंभरचा पडून आहे, त्यावर करून देतो' म्हणालं तर नको म्हणा. कमी मुद्रांकाचा कागद कोर्टात पुरावा म्हणून पुढे करायची वेळ आली की आधी दंड भरावा लागतो. नोटरीसमोर दोघांनी स्वतः जायचं, त्याच्या रजिस्टरमध्ये सही करायची आणि रजिस्टरचा अनुक्रमांक आपल्या प्रतीवर आला का ते पाहायचं. प्रत्येक पानावर दोघांची सही हवी. एकाने जाऊन दुसऱ्याच्या झेरॉक्सवर शिक्का मारून आणलेला कागद म्हणजे पुढच्या भांडणाचं बियाणं.

आता मोठा गैरसमज. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. सही याच माणसाने केली, एवढंच नोटरी सांगतो. नात्याला तो कुठलाही दर्जा देत नाही आणि मजकुरातला शब्दही खरा ठरवत नाही. लग्नाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करणं नोटरीच्या अधिकारात नाही, असं केंद्राच्या कायदा खात्याने २०२४ मध्ये पुन्हा बजावलं आहे. म्हणून 'कोर्टाचा शिक्का आहे, आता आपण लीगल' हे वाक्य डोक्यातून काढून टाका. तसं पाहिलं तर प्रौढ स्त्री-पुरुषांनी एकत्र राहणं या कागदाशिवायही गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या लता सिंह आणि २०१० च्या खुशबू खटल्यात ते स्पष्ट केलं आहे.

जे चांगलं आहे ते

पैशांची बाजू या कागदात खरोखर नीट बसते. डिपॉझिट कोणी किती भरलं, घर सोडताना ते कोणाच्या खात्यात परत येईल, हप्त्यावर घेतलेल्या वस्तूचा उरलेला हप्ता कोण भरणार, हे चार ओळींत लिहिलं की निम्मी कटकट संपते. मात्र घरमालकाशी असलेल्या लीव्ह अँड लायसन्सची (भाड्याच्या कराराची) जागा हा कागद घेत नाही. तो करार वेगळा, त्याची नोंदणी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार सक्तीची, आणि त्यात दोघांचीही नावं असायला हवीत. एकाचंच नाव घातलं तर दुसऱ्याकडे त्या पत्त्याचा पुरावाच राहत नाही. हाच पत्ता पुढे बाळाच्या जन्माच्या नोंदीत लागतो, बँकेत लागतो, आणि 'आम्ही इतकी वर्षं एकाच घरात राहतो' हे दाखवायलाही लागतो.

साठ दिवसांच्या नोटिशीचं कलमही आम्हाला आवडतं. रागाच्या रात्री कुलूप बदलण्याला त्याने आळा बसतो. पण त्यात एक ओळ वाढवून घ्या: स्त्री गरोदर असेल किंवा बाळ एक वर्षाच्या आतलं असेल, तर घर सोडण्याची नोटीस तिला देता येणार नाही आणि त्या काळातलं भाडं ठरलेल्या प्रमाणात चालू राहील. तयार मसुद्यांत ही ओळ नसते.

मुलाच्या मुळावर येणारं कलम

आता ते कलम जवळून पाहू. बहुतेक मसुद्यांत दुसऱ्या किंवा तिसऱ्या पानावर अशा अर्थाची ओळ सापडते: 'उभयपक्षकार हे पती-पत्नी नाहीत, समाजात तसे वावरणार नाहीत, व भविष्यात पती-पत्नी असल्याचा कोणताही दावा करणार नाहीत.' वाचायला निरुपद्रवी वाटते. दोघांनाही त्या दिवशी तेच म्हणायचं असतं. मुळात हा कागद घेतला जातो तोच बऱ्याचदा या ओळीसाठी. लग्नाचं आमिष दाखवून फसवल्याच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, आणि त्या भीतीने हा कागद मागणारे पुरुष बरेच असतात.

पण याच ओळीने काय कापलं जातं ते पाहा. स्त्री-पुरुष दीर्घकाळ नवरा-बायकोसारखे राहिले, तर त्यांचं लग्न झालं होतं असं कोर्ट गृहीत धरू शकतं. हे गृहीतक जुनं आणि मजबूत आहे. १९७८ च्या बद्री प्रसाद खटल्यात सुमारे ५० वर्षांच्या सहवासावरून लग्न मानलं गेलं. केरळच्या कट्टुकंडी खटल्यात उच्च न्यायालयाने मुलाला नाकारलेला वाटा सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये याच आधारावर परत दिला. या गृहीतकावर मुलाचा बापाच्या मिळकतीतला वाटा उभा राहतो. आणि आई-बापांनी स्वतःच्या सहीने, साक्षीदारांसमोर, 'आम्ही पती-पत्नी नाही' लिहून ठेवलं असेल, तर समोरच्या वकिलाला आणखी काही शोधावं लागत नाही. काका-आत्या तोच कागद कोर्टात घेऊन येतील.

स्त्रीचंही तेच. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा 'विवाहासारख्या नात्या'ला संरक्षण देतो. ते नातं कोणतं, याचे निकष सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या वेलुसामी निकालात आहेत: दोघं समाजात जोडीदार म्हणून वावरलेले असावेत, लग्नाच्या वयाचे असावेत, लग्नाला पात्र असावेत, आणि बऱ्यापैकी काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले असावेत. 'समाजात तसे वावरणार नाहीत' ही ओळ पहिल्याच निकषावर बोट ठेवते. कोर्ट कागदापेक्षा प्रत्यक्ष वागणं पाहील, हे खरं. पण आपल्याच सहीशी भांडायची वेळ बाळंतपणानंतरच्या बाईवर का आणायची?

आमचं सांगणं स्पष्ट आहे: ही ओळ काढायला सांगा. तिच्या जागी 'विवाहाबाबतचा निर्णय उभयपक्षकार स्वतंत्रपणे घेतील. या करारातील कोणताही मजकूर त्या निर्णयास किंवा अपत्याच्या हक्कास बाधक ठरणार नाही' एवढं पुरे. यावर मसुदा करणारा 'मग कराराला अर्थ काय' असं म्हणाला, तर दुसरा मसुदा करणारा शोधा.

इथे इंटरनेटवरची एक गल्लतही दूर करायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२३ च्या रेवणसिद्दप्पा निकालाने 'लिव्ह-इनच्या मुलांना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क मिळाला' असं सर्रास वाचायला मिळतं. तो निकाल रद्दबातल किंवा रद्द करता येण्याजोग्या लग्नातून जन्मलेल्या मुलांबद्दल, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ बद्दल आहे. काही ना काही लग्न झालेलं असणं हा त्याचा पाया. लग्नाचा विधीच झाला नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात अशा मुलाचं नातं आईशी आणि आपल्या सख्ख्या भावंडांशी धरलेलं आहे. बापाच्या बाजूने वर सांगितलेलं गृहीतक किंवा मृत्युपत्र हेच दोन दोर. मुस्लिम आणि ख्रिस्ती जोडप्यांचे नियम वेगळे आहेत. गोव्यात तर वारसाहक्काचा २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा पुण्यातला मसुदा पणजीला नेऊन वापरू नका.

'दिवस गेल्यास' ही ओळ

दुसरं धोक्याचं कलम गर्भधारणेचं. २०२४ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात एका पुरुषाच्या अटकपूर्व जामिनाच्या अर्जासोबत सात कलमांचा लिव्ह-इन करार दाखवला गेला. एकत्र राहताना स्त्रीला दिवस गेले तर पुरुष जबाबदार राहणार नाही, असं त्यातलं एक कलम होतं. सही आपली नाहीच, असं स्त्रीच्या बाजूचं म्हणणं होतं. जामीन मिळाला आणि बातमी गाजली. 'करार असला की पुरुष सुटतो' असा अर्थ त्यातून काढणं साफ चूक आहे. जामीन मिळाला म्हणजे कोर्टाने करारावर शिक्कामोर्तब केलं असं होत नाही.

मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) औरस आणि अनौरस दोन्ही मुलांना तो देतं. आई-बाप आपापसात सही करून तिसऱ्याचा हक्क सोडून देऊ शकत नाहीत. 'दिवस गेल्यास गर्भपात करण्यात येईल' हे कलमही काही मसुद्यांत घुसतं. त्याची किंमत शून्य आहे. गर्भपाताला संमती लागते ती फक्त त्या प्रौढ स्त्रीची. जोडीदाराची सही लागत नाही आणि जोडीदाराला ती लादताही येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भपाताच्या कायद्यातल्या 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' याऐवजी 'स्त्री आणि तिचा जोडीदार' असे शब्द आले. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने २० ते २४ आठवड्यांतल्या गर्भपाताच्या तरतुदीतही अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, असं ठरलं. म्हणजे हे कलम कोर्टात टिकणार नाही. पण घरात ते टिकतं, 'तू सही केली होतीस' असं म्हणायला. म्हणूनच ते निष्प्रभ समजून सोडून देऊ नका, खोडा.

कागद जे विचारतच नाही

एवढ्या पानांत एक प्रश्न कुठेच नसतो: मूल हवंय का, कोणाला, कधीपर्यंत? तयार मसुदा फक्त अडकण्याच्या गोष्टी मोजतो. डिपॉझिट, हप्ता, सोफा, मांजर. स्कॉट स्टॅन्ली, गॅलेना ऱ्होड्स आणि हॉवर्ड मार्कमन या अमेरिकी अभ्यासकांनी २००६ मध्ये ही गोष्ट फार नेमकी मांडली. त्यांचं म्हणणं असं की पुष्कळ जोडपी एकत्र राहण्यापर्यंत ठरवून पोचत नाहीत, घसरत पोचतात. आणि एकदा पोचली की वेगळं होणं महाग पडतं, म्हणून राहत जातात. बाहेरून दोन्ही नाती सारखीच दिसतात. पण अडकून राहणं आणि मनापासून बांधून घेणं यातला फरक मूल झाल्यावर पहिल्या वर्षात उघडा पडतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

हा प्रश्न करारात घालू नका. इच्छा बदलतात, आणि बदललेली इच्छा म्हणजे करारभंग नव्हे. त्यासाठी वेगळा, साधा, नोटरी न केलेला कागद करा. दोन कोरे कागद, दोन पेनं, वीस मिनिटं, वेगवेगळ्या खोल्या. प्रश्न सहाच. मूल हवंय का? कोणत्या महिन्या-वर्षापर्यंत? किती? न ठरवता दिवस गेले तर काय करायचं? लग्न बाळाच्या आधी, नंतर की नाहीच? पहिलं वर्ष कोण नोकरीत मागे हटणार आणि ते पैसे कुठून भरून निघणार? उत्तर थेट हवं, नाहीतर 'माहीत नाही'. 'माहीत नाही' चालेल, पण त्यापुढे तारीख हवी, सहा महिन्यांच्या आतली. मग कागद एकमेकांना द्यायचे, बोलायचं दुसऱ्या दिवशी.

बिघडतं कुठे, तर पहिली चूक एका खोलीत बसून लिहिणं. एकाचा चेहरा बघून दुसरा लिहितो. दुसरी चूक 'सेटल झाल्यावर' हा शब्द. तो लिहिलेला दिसला की तिथेच थांबा आणि आकडा मागा: बँकेत किती रुपये, कोणाची कुठली बढती, कोणतं कर्ज फिटल्यावर? आकडा देता येत नसेल तर ते उत्तर 'माहीत नाही' या खान्यात टाका. तिसरी चूक वय मोजताना फक्त पहिल्या मुलाचं मोजणं. ती आज ३१ ची, दोन मुलं हवीत, दोघांत तीन वर्षांचं अंतर हवं आणि ३७ च्या आत दुसरं व्हावं अशी इच्छा असेल, तर पहिलं ३४ च्या आत हवं, म्हणजे प्रयत्न ३३ च्या सुरुवातीला सुरू व्हायला हवेत. याचा अर्थ ठरवायला दोन वर्षंही उरत नाहीत. स्त्रीची प्रजननक्षमता पस्तिशीनंतर झपाट्याने उतरते. पुरुषाच्या 'बघू'ची किंमत तिच्या वर्षांत मोजली जाते. दोघांच्या तारखांत दोन वर्षांहून जास्त फरक आला, तर खरा बोलायचा विषय तोच, बाकी सगळं नंतर.

दिवस राहिल्यावर तो गर्भ कितपत ठरवलेला होता, हे मोजायला लंडन मेजर ऑफ अनप्लॅन्ड प्रेग्नन्सी नावाचं २००४ चं सहा प्रश्नांचं मोजमाप आहे. गुण ० ते १२. दहा किंवा जास्त म्हणजे ठरवलेला, तीन किंवा कमी म्हणजे न ठरवलेला, मधले चार ते नऊ म्हणजे दोलायमान. प्रश्न साधनांच्या वापराचे, वेळेचे, इराद्याचे, इच्छेचे, जोडीदाराशी बोलण्याचे आणि पूर्वतयारीचे. आम्हाला यातला मधला पट्टा मोलाचा वाटतो. 'हवं' आणि 'नको' यांच्यामध्ये खरीच जागा असते, आणि तिथे असलेल्या बाईला 'नक्की सांग' म्हणून धारेवर धरणं अन्यायाचं आहे.

मूल हवं असं ठरलंच, तर कराराच्या सहीच्या आधी डॉक्टर. फोलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून. मधुमेह किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस डॉक्टर वेगळा देतात. थॅलेसेमियासाठी (रक्ताचा आनुवंशिक आजार) एचबीए२ ही तपासणी एकाची वाहक म्हणून आली तर दुसऱ्याची लगेच करायची. रुबेलाची लस घेतली तर त्यानंतर एक महिना थांबायचं. कॉपर-टी काढल्यावर लगेच प्रयत्न करता येतो. 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन चालू असेल तर शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, तेव्हा वरच्या गणितात ते महिने धरा.

मुलासाठी खरोखर कामाला येणारे कागद

करारात दोन कलमं वाढवून घ्या. एक: या सहवासातून अपत्य झाल्यास पितृत्व पुरुषाला मान्य आहे आणि जन्माच्या नोंदीत आपलं नाव लावायला तो संमती देतो. दोन: बाळंतपणाचा खर्च, स्त्रीचं बुडणारं उत्पन्न आणि मुलाचा मासिक खर्च यांत कोणाचा किती वाटा. आकड्यात किंवा टक्क्यात लिहा, 'समजुतीने' हा शब्द टाळा. ही लेखी कबुली पुढे पुरावा म्हणून उभी राहते.

मग मृत्युपत्र. याला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, आणि लाभ मिळणाऱ्याला साक्षीदार करायचं नाही. लिहिणारा ते कधीही बदलू शकतो, ही त्याची दुबळी बाजू. म्हणून एकट्या मृत्युपत्रावर थांबू नका. टर्म इन्शुरन्समध्ये मुलाला नॉमिनी आणि आईला अपॉइंटी (मूल सज्ञान होईपर्यंत त्याच्या वतीने रक्कम घेणारी) करा. पीएफमध्ये एक छुपी खोच आहे: कुटुंब नसताना जोडीदाराला केलेलं नामनिर्देशन मूल होताच आपोआप रद्द समजलं जातं. बाळाच्या जन्मानंतर पहिल्या महिन्यात ते नव्याने भरा. कंपनीच्या गट विम्यात अविवाहित जोडीदार धरतात का, हे दिवस राहण्याआधी एचआरकडून लेखी विचारून घ्या. २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेला मात्र लग्नाची अट कायद्यात नाही.

पालकत्वाबद्दल बापांनी नीट वाचावं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे विवाहबाह्य मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, मग बाप. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या एबीसी निकालाने अविवाहित आईला बापाचं नाव उघड न करता पालकत्व मागता येतं. बाप मनापासून सोबत असेल, तर त्यालाही पालक म्हणून कोर्टाचा आदेश घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

जननसाहाय्य केंद्रांत (आयव्हीएफ वगैरे) आणि दत्तक प्रक्रियेत दार जवळपास बंद आहे. जननसाहाय्याच्या २०२१ च्या कायद्यात 'जोडपं' म्हणजे विवाहित जोडपं. अविवाहित स्त्री २१ ते ५० वयात एकटी म्हणून सेवा घेऊ शकते. सरोगसी अविवाहित जोडप्याला नाही. दत्तक जोडप्याने घ्यायचं तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य लागतं.

लग्न करायचं ठरलं तर वेळ मोजा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ प्रमाणे वैध लग्न चालू असताना जन्मलेलं मूल औरस धरलं जातं, मग लग्न जन्माच्या आदल्या आठवड्यात का झालेलं असेना. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस लागते आणि ती देताना एकाचा त्या जिल्ह्यात ३० दिवसांचा रहिवास लागतो. बाळ नवव्या महिन्याच्या आधीही येऊ शकतं, म्हणून नोटीस उशिरात उशिरा सहाव्या महिन्यात द्या.

उत्तराखंडात नोकरीला असलेल्या मराठी जोडप्यांनी हे सगळं वेगळं समजावं. तिथे २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू आहे. लिव्ह-इनची नोंद महिन्याभरात केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खाजगी आयुष्यात सरकारचं हे डोकावणं आम्हाला मान्य नाही. पण त्याच कायद्यात लिव्ह-इनमधून झालेलं मूल औरस मानलं आहे, आणि महाराष्ट्रात मुलाला हे एका ओळीत मिळत नाही, हेही तितकंच खरं.

दवाखान्याचा केसपेपर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या कुठल्याही कराराने दुरुस्त होत नाहीत. भरतीच्या वेळी फॉर्मवर 'पतीचे नाव' असा रकाना असतो. कळा सुरू असतात, सोबतचा माणूस घाईत आपलं नाव लिहितो, आणि काउंटरवरची व्यक्ती आईच्या नावापुढे त्याचं आडनाव लावून टाकते. तोच मजकूर पुढे जन्म-अहवालात जातो. आईचं नाव आधारशी जुळत नाही, आणि दाखला दुरुस्त करायला क्षेत्रीय कार्यालयात हेलपाटे सुरू होतात. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मतारखेचा आधार हा दाखलाच आहे, त्यामुळे ही चूक लहान नाही.

यावर उपाय आधीच करायचा. सातव्या महिन्यात नाव नोंदवतानाच आईचं आधारवरचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्या, 'पती' खोडून 'बाळाचे वडील' लिहा आणि दोघांनी सह्या करा. दोघांचं संयुक्त प्रतिज्ञापत्र दवाखान्याच्या बॅगेत ठेवा: हे मूल आमचं आहे, वडिलांचं नाव अमुक, ते लावायला दोघांची संमती आहे. वडिलांचं नाव लावायचं नसेल तर एबीसी निकालाप्रमाणे आईचं एकटीचं प्रतिज्ञापत्र पुरेसं आहे. लग्नाचा दाखला मागितला तर निकालाची प्रत पुढे करा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. महिना उलटला तर परवानगी लागते, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. बाळाचं नाव मात्र बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, म्हणून नावावरून एकमत होत नसेल तर घाई करू नका. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. आडनाव कोणाचं, हे दवाखान्यात जाण्याआधी ठरलेलं असू द्या.

आणि घरी सोडताना, दवाखान्यातून जन्म-अहवाल महापालिकेकडे जाण्याआधी, क्लार्ककडे तो एकदा वाचायला मागा. आधार कार्ड शेजारी धरून आईचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा, आणि चूक दिसली तर तिथल्या तिथे, अहवाल निघायच्या आत दुरुस्त करून घ्या.